मोटरताईची पाच मिनिटं

केंद्रात तिला सगळे मोटरताई म्हणायचे. मुलांसाठी चालणाऱ्या त्या विज्ञान आणि कला केंद्रात तळमजल्यावरची कार्यशाळा तिच्याकडे होती. चार लांब टेबलं, भिंतीवर टांगलेले पकडी-पाने, आणि मोडक्या खेळण्यांतून काढलेल्या मोटरींचा एक भलामोठा डबा. त्या मोटरींवर मुलं चालणारे हत्ती करायची, माना हलवणाऱ्या बाहुल्या करायची. एकवीस वर्षं ती हे शिकवत होती, आणि एकवीस वर्षांत कुणी तिला पाच मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. या टेबलावरचा स्क्रू पिळ, त्या टेबलावरची तार सोलून दे, असं तिचं चालायचं.

"पायाला भिंगरी असलेली माणसं पाहिली होती," सासरे म्हणायचे, "हिच्या तर हातालाही आहे."

नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "मी दिवसभर बसून गाव फिरतो, ती घरात उभी राहून फिरते. संध्याकाळी किलोमीटर सारखेच भरतात."

अशा बाईला परदेशातून पत्र आलं. तिकडच्या एका तशाच केंद्राशी शिक्षकांची देवाणघेवाण ठरली होती. इथून एकाने तीन आठवडे तिकडे जायचं, मग तिकडच्या एकाने इकडे यायचं. केंद्रप्रमुखांनी मोटरताईचं नाव कळवूनही टाकलं होतं. "जा, बघा, आणि इथे लावता येईल असं काहीतरी घेऊन या," ते म्हणाले. निघेपर्यंत तिने बॅग पाच वेळा भरली, चार वेळा उपसली. तिच्या मुलीने शेवटी बॅगेला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली.

तिकडची कार्यशाळा पाहून मोटरताईला पहिल्या दिवशी घरच्यासारखं वाटलं. तीच लाकडाच्या भुशाची धूळ, तोच तापलेल्या तारेचा वास. पण तिथल्या प्रमुख बाई वेगळ्याच होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. दोघींनाही एक तिसरीच भाषा अर्धीमुर्धी येत होती, तिच्यावर काम भागायचं. मोटरताई मनात त्यांना मोठ्या बाई म्हणू लागली.

मोठ्या बाईंनी नियम सांगितला, "मुलाच्या वस्तूला आपण हात लावायचा नाही. विचारलं तर बोलायचं. नाही विचारलं तर बघायचं."

"आणि चुकत असेल तर?"

"तर ते चुकतं," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

मोटरताईला वाटलं, हे काय शिकवणं झालं? पोरगं गटांगळ्या खातंय आणि आपण काठावर उभं राहून बघायचं! पण पाहुणी होती, गप्प बसली. म्हणजे उभी राहिली. हात मागे बांधून फेऱ्या मारू लागली. सकाळी दहा ते चार नुसतं बघणं. संध्याकाळी राहायच्या खोलीवर येऊन तिने खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवला, दाराची बिजागरी सैल होती ती आवळली, खिडकीची कडी सरळ केली. तीन दिवसांत त्या खोलीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर अकरा वर्षांची एक मुलगी पक्षी बनवत होती. पत्र्याचे पंख, पोटात मोटर. मोटरीच्या चाकापासून दोन दांड्या पंखांना जोडलेल्या, आणि सगळा पक्षी दोरीने छताला टांगलेला. बटण दाबलं की पंख हलायचे, पण पक्षी डावीकडे कलंडायचा आणि गरागरा फिरायला लागायचा. मुलगी बटण बंद करायची, काहीतरी बदलायची, वहीत लिहायची, पुन्हा चालू करायची. मोटरताई आली तेव्हा वहीत अकरावा प्रयत्न होता. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी सतरावा झाला. आणि शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन होतं.

दोष मोटरताईला पहिल्या मिनिटालाच दिसला होता. डाव्या दांडीचं भोक अर्ध्या नखाएवढं चुकीच्या जागी पडलं होतं. बस, एवढंच! ते ठाऊक असूनही तिथून दिवसातून दहा वेळा जायचं म्हणजे दातात काहीतरी अडकलेलं असताना जेवत राहण्यासारखं होतं. तिला घास गोड लागेना.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले. मोटरताई पाकीट विसरल्याचं सांगून परत आली. पाकीट खरंच टेबलावर होतं, पण ते घेऊन ती खिडकीकडे गेली. पत्र्याची एक पट्टी कापली, भोक नेमक्या जागी पाडलं, कडा कानशीने घासल्या, जुनी दांडी काढून नवी बसवली. जुनी भंगाराच्या खोक्यात टाकली. पाच मिनिटंही लागली नाहीत. जेवताना तिला किती दिवसांनी भूक लागली होती!

जेवणानंतर मुलीने बटण दाबलं. पक्षी सरळ राहिला. दोन्ही पंख एका तालात वर, खाली. आजूबाजूच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी मात्र पंखांकडे बघतच राहिली. मग तिने वही उघडली, मागची पानं चाळली, पक्ष्याखाली वाकून पाहिलं आणि जोरात काहीतरी विचारलं. भाषा येत नसली तरी मोटरताईला कळलं, हिला काय विचारायचंय ते. मुलगी एकेका मुलाकडे जाऊन तोच प्रश्न विचारत होती. सगळे माना हलवत होते. मोटरताईजवळ ती आलीच नाही. पाहुण्या बाईंवर कोण संशय घेणार? तेच मोटरताईला जास्त लागलं.

शनिवारी प्रदर्शनात पक्षी झकास चालत होता. त्याच्याशेजारी मुलीने एक कागद चिकटवला होता. मोटरताईने मोठ्या बाईंना अर्थ विचारला. त्यांनी वाचून सांगितला, "हा पक्षी चालतो. का चालतो ते मला माहीत नाही."

लोक हसून पुढे जात होते, कुणीतरी मुलीची पाठ थोपटली. मुलगी हसली नाही. मोटरताई तिथून निघाली, हॉलच्या तीन चकरा मारल्या, बाहेर जाऊन आली, पाणी प्यायली, पुन्हा आली. शेवटी मोठ्या बाईंची बाही धरून म्हणाली, "ते मी केलं."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"दांडीच्या कडा घासलेल्या आहेत. आमची मुलं कडा घासत नाहीत."

मोटरताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग कालच का नाही बोललात?"

"तुमच्या कामात मी हात कशाला घालू?" मोठ्या बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मुलांना सांगावं तसंच त्यांनी सांगितलं होतं.

दोघी मुलीकडे गेल्या. मोटरताई आपल्या मोडक्या भाषेत बोलली, मोठ्या बाईंनी मुलीला तिच्या भाषेत सांगितलं. मुलीचा चेहरा लाल झाला. तिने एकच प्रश्न केला.

"जुनी दांडी कुठाय, विचारतेय," मोठ्या बाई म्हणाल्या.

पालक चहा पीत असताना एक परदेशी बाई आणि एक लहान मुलगी कार्यशाळेत जमिनीवर बसून भंगाराचा खोका उपसत होत्या. तारा, खिळे, पत्र्याचे शेकडो तुकडे. मोटरताईचं बोट कापलं. अर्ध्या तासाने दांडी सापडली. मुलीने ती पुसली, खिशात घातली. मोटरताई बोटाने दांडीवरचं भोक दाखवायला पुढे झाली तशी मुलीने मूठ मिटली आणि जोरजोरात मान हलवली. नाही. सांगायचं नाही.

शेवटचा आठवडा मोटरताईने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. मुलीने जुनी दांडी पुन्हा बसवली, पक्षी पुन्हा कलंडायला लागला. अठरा, एकोणीस, वीस. गुरुवारी मुलीने उजव्या पंखावर लोखंडी चकत्या चिकटवायला सुरुवात केली. एक, दोन, चार. मोटरताईचा जीव खालीवर होत होता. अगं, त्या बाजूला नाही, दांडी बघ, दांडी! पाचव्या चकतीला पक्षी फिरायचा थांबला. पंख अजून विषम हलत होते, त्यामुळे तो थोडा वर, थोडा खाली होत होता. एखादा खरा पक्षी वाऱ्याशी झगडत पुढे जातो तसा. मोटरताईच्या सरळ पक्ष्यापेक्षा तो बघायला चांगला होता, हे तिला कबूल करावंच लागलं.

मुलीने वहीत लिहिलं आणि वही मिटली. मोटरताईकडे तिने पाहिलंही नाही. निरोपाच्या दिवशी सगळ्या मुलांनी सही केलेला कागद दिला, त्यात तिची सही होती. इतरांसारखीच, नुसती सही.

परत आल्यावर केंद्रप्रमुखांनी अहवाल मागितला. तिने हे सगळं लिहिलं. त्यांनी चष्मा काढला. "ताई, हे काय? तुम्हाला मी केंद्राचं नाव काढायला पाठवलं होतं. हा भाग गाळा."

"हाच भाग आणलाय मी तिकडून, सर. बाकी नुसते फोटो आहेत."

दोन दिवस घासाघीस चालली. भाग राहिला, पण शेवटच्या पानावर गेला.

कार्यशाळेत तिने नियम लावून पाहिला. पहिल्या आठवड्यात तीन मुलं रडली. एका मुलाची आई येऊन विचारून गेली, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना? पूर्वी कशा धावून यायच्या!" आठपैकी पाच वेळा मोटरताईला जमलं, तीन वेळा हात पुढे गेलेच. स्वभावाला औषध नाही. पण आता हात लावला की ती सांगते, "हे मी केलं, बरं का. हवं तर काढून टाक." बरीच मुलं काढत नाहीत. एका मुलीने परवा आपल्या गाडीतलं काढलं.

त्या संध्याकाळी ती जेवताना दोनदा उठली, गॅलरीत जाऊन आली. नवऱ्याने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. तिची गाडी उद्याही चालणार नाहीये," मोटरताई म्हणाली, आणि पुन्हा उठली.