लवंगीला प्रवेश नाही

आत्यांच्या पाळणाघरात कुणाच्याही तोंडात घास कोंबत नाहीत. हे कळल्यावर नव्या आया आधी हसतात आणि मग घाबरतात. "अहो, मग ही दिवसभर उपाशीच राहील!" आत्या म्हणणार, "राहू दे की. भूक काय माझी नोकर आहे, हाक मारली की यायला?" मग त्या हट्टी पोरासमोर मऊ भाताची वाटी ठेवतात, आपलं ताट घेऊन शेजारी बसतात आणि खिडकीकडे बघत मजेत जेवतात. थोड्या वेळानं एक चिमुकला हात वाटीत शिरतो. आत्या तेव्हाही बघत नाहीत. बघितलं की संपलं, पोरं लगेच भाव खातात!

तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीखाली गाद्यांची ओळ, दाराशी पिशव्या अडकवायचे हूक, एवढा सगळा कारभार. सगळी गल्ली बाईंना आत्या म्हणते. नवरा बिचारा इलेक्ट्रिशियन, पण त्याला त्या नावानं कुणी ओळखत नाही, तो 'आत्यांचे मिस्टर'. रोज संध्याकाळी खेळणी बादलीत धुवायचं काम त्या मिस्टरांकडे. आणि ती कितीही धुतली तरी दुसऱ्या दिवशी एकाच्या तोंडातला चमचा दुसऱ्याच्या तोंडात जायचा तो जातोच. म्हणून आत्यांचा एकच कडक नियम होता. पोराला वेळच्या वेळी लसी टोचलेल्या असल्या तर आत, नाहीतर घरी.

त्या वर्षी हा नियम आत्या जरा जास्तच डोळ्यांत तेल घालून पाळत होत्या. कारण होता साहेब. साहेब चार वर्षांचा. रक्ताचा कर्करोग होऊन बरा झालेला. डोक्यावर केस जेमतेम उगवू लागलेले, पण ऐट अशी, की स्वतःची गादी स्वतः निवडायचा आणि मिस्टरांना "अहो, पंखा वाढवा" म्हणून फर्मान सोडायचा. त्याचं औषध संपलं होतं, पण अंगात पुरती ताकद यायला अजून काही महिने लागणार होते, आणि तोवर त्याला गोवराची लस टोचता येत नव्हती. बाप बस चालवायचा, आई दुकानात उभी राहायची, दोघांच्याही रजा आजारपणात संपलेल्या. "आत्या, तुमच्याकडे ठेवू ना? बिनधास्त?" असं बापानं विचारलं तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, "बिनधास्त." शब्द दिला म्हणजे दिला.

अशात आत्यांची लेक बदली होऊन गावात परत आली. लेक बँकेत अधिकारी. तिची पोरगी दीड वर्षाची, आवाज असा की मिस्टरांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, लवंगी. आत्या तर हवेतच होत्या. खिडकीखालची सगळ्यात चांगली जागा तिच्यासाठी राखली, नवी चादर घातली. सोमवारी लेक लवंगीला घेऊन दारात उभी राहिली आणि आत्यांनी सवयीनं, सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "टोचणं सगळं झालंय ना गं?"

"नाही," लेक म्हणाली. "आणि करणारही नाही."

आत्यांना वाटलं, चेष्टा करतेय. फोनवर प्रत्येक वेळी "हो हो, चाललंय सगळं" म्हणणारी हीच ती!

"शेजारच्या बाळाला टोचून आणलं आणि संध्याकाळी तापात त्याला झटका आला," लेक म्हणाली. "डोळे पांढरे, हातपाय ताठ. माझ्या मांडीवर होतं ते. मी डॉक्टरांना विचारलं, हे कशानं झालं? तर म्हणाले, तुम्ही बँकेचं बघा, औषधाचं मी बघतो. झालं. परत गेले नाही मी."

"ते बाळ कसंय आता?"

"बरंय. पळतंय. पण मी ते डोळे पाहिलेत, आई."

आत्यांनी एकदा आत साहेबाकडे पाहिलं. तो गादीवर पाय पसरून कुणालातरी दम देत होता. मग त्यांनी लवंगीचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, "मग हिला इथे ठेवता येणार नाही."

"माझ्या मुलीला? तुझ्या नातीला?"

"हो."

"तू? जन्मात कुणाला एक घास जबरदस्तीनं भरवला नाहीस, आणि आज माझ्यावर सक्ती करतेस?"

"सक्ती कुठे केली? नको म्हणायचा तुला हक्क आहे. चावणाऱ्या पोराला मी मारते का? नाही. पण बाकीच्यांच्या ओळीत झोपवतही नाही. उद्या हिला गोवर झाला तर ही कदाचित आठवड्यात उठून बसेल. साहेबाचं काय होईल, ते मला विचारू नकोस."

"म्हणजे परक्या पोरासाठी नातीला दाराबाहेर काढतेस," लेक म्हणाली, आणि तरातरा निघून गेली. लवंगी तिच्या खांद्यावरून हात हलवत होती. आत्यांनीही हलवला. मग आत येऊन नवी चादर काढली आणि विनाकारण मिस्टरांवर खेकसल्या.

लेकीनं घरी एक बाई ठेवली. येणं बंद, फोन बंद. आत्या बाहेरून ठणठणीत. "नियम तो नियम" म्हणत हिंडायच्या. पण नात दहा मिनिटांच्या वाटेवर आणि तिला मांडीवर घेता येत नाही, हे काय सोपं आहे? मिस्टर एकदा चाचरत म्हणाले, "थोडं नमतं घेतलं तर..." आत्यांनी नुसतं पाहिलं. मिस्टर खेळणी धुवायला गेले.

मग पलीकडच्या वसाहतीत गोवराची साथ आली. पोरं न्यायच्या वेळी दारात ही गर्दी. एक वकील बाप म्हणाले, "काळजी आहे, पण लसीची सक्ती? माझ्या मुलाच्या अंगात काय जावं हे सरकारनं ठरवायचं?" एक शिक्षिका आई उसळली, "ठरवायलाच हवं! लस नाही तर शाळा नाही, असा कायदा करा, सगळे सुतासारखे सरळ येतील." "कायदा केलात तर लोक लपवतील, बाई." "लपवू देत, पकडू!" दोघांचा आवाज इतका चढला की आतली पोरं भोकाड पसरून रडायला लागली.

"अहो, सरकारचं सरकार बघेल!" आत्या ओरडल्या. "माझं राज्य या उंबऱ्याच्या आत. इथे काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उचला आपापली पोरं."

साहेबाचा बाप सगळ्यांच्या मागे, पोराची टोपी हातात घेऊन उभा होता. त्या साथीपासून लवंगीलाही कसलं संरक्षण नव्हतं, हे आत्यांच्या मनात तेव्हा असं काही उतरलं की त्या तशाच उठून लेकीच्या घरी गेल्या.

दार लेकीनंच उघडलं. आत्यांनी प्रस्तावना केली नाही. "त्या डॉक्टरानं तुझ्या तोंडात घास कोंबला. तू थुंकलीस. बरोबर केलंस."

लेक दारातून बाजूला सरली.

"पण म्हणून उपाशीच राहायचं का? दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ. तू विचार, मनातलं सगळं विचार. पटलं तर टोच, नाहीतर परत ये. मी मधे तोंड घालणार नाही."

"तू? गप्प बसणार?" लेकीला अशातही हसू आलं. मग ते गेलं. "आणि हिला काही झालं तर?"

"मला शिव्या दे. जन्मभर दे. आई कशाला असते?"

लेक म्हणाली, "साहेबाच्या जागी मी असते, तर?"

"तू? मी दाराला पाठ लावून बसले असते. माझी सख्खी आई आली असती तरी आत घेतलं नसतं."

लेकीचे डोळे भरून आले. तिनं लवंगीला उचलून आत्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तोंड धुवायला आत गेली.

नव्या डॉक्टरीणबाईंना वेळ होता, नसला तरी त्यांनी काढला. लेकीनं झटक्यापासून सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "टोचल्यावर ताप येऊ शकतो. काही थोड्या बाळांना त्या तापात झटका येतो, बघणाऱ्याचा जीव अर्धा होतो, पण बहुतेक बाळं त्यातून पूर्ण बरी होतात. असं होणारच नाही असं मी सांगणार नाही. झालंच तर काय करायचं, ते सांगते." आणि सांगितलं. मग गोवरानं काय काय होतं तेही सांगितलं, न घाबरवता. लेक विचारत गेली, बाई सांगत गेल्या. आत्या ओठ दाबून समोरचं कॅलेंडर वाचत होत्या. त्यांच्यासारख्या बाईला ही खरी शिक्षाच.

"द्या मग," लेक एकदम म्हणाली. "आज गोवराची. बाकीच्या ओळीनं."

आत्यांनी लवंगीला धरायला हात पुढे केले. "नको," लेक म्हणाली. "मी धरते." तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. सुई टोचली, आणि लवंगीनं जो आवाज लावला तो बाहेर रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला.

रस्त्यावर आल्यावर आत्यांना राहवेना. "सोमवारी लवकर आण हं. खिडकीखालची जागा तिचीच."

"सोमवारी नाही आणणार."

ही पुन्हा फिरली की काय! "आता काय झालं?"

"तुझं लक्ष कुठे होतं आत? डॉक्टर म्हणाल्या ना, लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. बाहेर साथ चालू आहे. तोवर हिला साहेबाजवळ नको."

आत्या रस्त्यातच थांबल्या. खरंच की! पोरीला मांडीवर घ्यायच्या घाईत आपणच विसरलो. लाज वाटायला हवी होती, पण त्यांना इतका आनंद झाला की लेकीला तिथेच मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण लवंगी अजून हुंदके देत होती.

"केस उगवले का गं त्याला?" लेकीनं चालता चालता विचारलं. "आणि पंखा अजून वाढवायला सांगतो?"

आत्या सांगू लागल्या, आणि लेकीचं घर येईपर्यंत सांगतच होत्या.