जामाच्या पाल्याचा वास

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आम्ही बौद्ध माणसं, आत्मा-बित्मा आमच्यात नाहीच. कोणी भुताचं सांगाले लागलं की मी उठून चहा ठेवाले जाते. तरी हे लिहून राहिले... माझं मराठी नागपुरी-रायपुरी मिसळीचं आहे, चालवून घ्या.

रायपूरले समता कॉलोनीच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर आहे. दारू सोडून, इलाज करून आलेले पुरुष तिथं काही महिने राहतात, कामाले जातात, पायावर उभे झाले की आपली खोली पाहतात. स्वयंपाक अन् देखरेख माझ्याकडं. संध्याकाळी सगळे कामावरून आले की गेटवर मी प्रत्येकाचं तोंड हुंगते. म्हणून मले 'सुंघनी दीदी' म्हणतात मेले. नियम एकच — पिऊन आला, की त्याच दिवशी बॅग बाहेर.

हे नाक मले नवऱ्यानं दिलं. आमचे हे रेल्वेत होते. महुआची, म्हणजे मोहाची दारू प्यायचे, अन् मले कळू नये म्हणून वरून जामाचा पाला चावायचे. पेरूले आम्ही इकडं जाम म्हणतो. महुआ अन् जामाचा पाला, दोन्ही मिळून असा वास की मी फाटकातूनच ओळखायची. त्या वासानंच माझा संसार खाल्ला, अन् शेवटी त्यांनाही खाल्लं. त्याले बरीच वर्षं झाली.

तर त्या दिवशी दुपारी मी भाजी चिरत होते. अन् जिन्यावरून तो वास आला.

महुआ... अन् वरून जामाचा पाला. हातातली भाजी विळीवर तशीच राहिली. पलीकडं साहूजी खाटेवर पडले होते, ते रात्रपाळीचे चौकीदार, दिवसा घरीच. त्यांना विचारलं, "वास येऊन राहिला का?"

"नइ दीदी, कुछु नइ आवत हे," ते म्हणाले.

म्हटलं, याचं नाक गेलं कामातून. पदर खोचला अन् वर गेले. जसजशी चढत होते तसा वास वाढत होता.

वरच्या खोलीत दिनेश. टाइल्सच्या दुकानात कामाले गेलेला पोट्टा, मागच्या जिन्यानं कधी परत आला कोण जाणे. खाटेपाशी खाली पडलेला, घामानं भिजलेला, जीभ जड, काहीतरी बरळून राहिला होता. माझं डोकंच फिरलं. इतके महिने कोरडा राहिलेला माणूस! इथून निघाला तर जाईल कुठं, भावानं तर दार बंद केलं होतं त्याच्यासाठी. पण नियम म्हणजे नियम. म्हटलं, "ऊठ, बॅग भर."

तो उठेना. तेव्हा सवयीनं वाकले अन् तोंड हुंगलं.

काहीच नाही. दारूचा थेंबभर वास नाही. सरळ झाले, तर खोलीतलाही वास गेलेला.

तेव्हा कुठं खिडकीतलं त्याचं शुगरच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं, अन् कोपऱ्यात सकाळचा डबा, तसाच भरलेला. गोळी घेतली अन् जेवलाच नव्हता बाबा, शुगर पार उतरली होती. मी साहूजींना हाक मारून साखर मागवली, त्याच्या ओठाआड बोटानं लावत राहिले, अन् ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत असाच पडून राहिला असता तर शुद्धीवर आलाच नसता. अन् आमच्याकडं संध्याकाळशिवाय वर कोणी जात नाही.

दिनेश आता ठणठणीत आहे. गेटवर मी तोंड हुंगाले लागले की हसतो, म्हणतो, "दीदी, अच्छे से सूंघो." हसते मीही, अन् खरंच दोनदा हुंगते.

सारं घर उलथून पाहिलं आम्ही. बाटली नाही. गल्लीत जामाचं झाड नाही. माझा मुलगा म्हणतो, "मम्मी, दिमाग का खेल है." असेल बापा. पण इतक्या वर्षांत दिमागानं तीच दुपार काहून निवडली? आत्मा नाही, हे मी आजही म्हणते.

पण त्या दिवशी माझ्या घरी गेले, चपला काढल्या अन् सरळ त्यांच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिले. उभ्या संसारात कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते म्हटलं.

"आज पिऊन आले तुम्ही, बरं केलं."