दारातला टीव्ही

आमच्या वाचनालयात पुस्तकांना चिपचे स्टिकर लागले, तेव्हा दारात एक मोठा टीव्हीही आला. काउंटरच्या मशीनवर पुस्तक ठेवलं की सभासदाचं आणि पुस्तकाचं नाव टीव्हीवर ठळक झळकायचं. कल्पना आमच्या कार्यवाह सरांची. "वाचनाला प्रोत्साहन," असं ते म्हणायचे.

दाराजवळच पेपरचं टेबल आहे. सकाळी तिथे रिटायर्ड काकांची बैठक असते. थोड्याच दिवसांत ते पेपर सोडून टीव्ही वाचू लागले. "परत रहस्यकथा? अहो, परीक्षा कधी आहे तुमची?" मी काउंटरवर मान खाली घालून काम करायची. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून माझ्या मराठीला तिथे सगळेच हसायचे, त्यामुळे मी कमीच बोलते.

एक दिवस ओझरहून येणाऱ्या एका ताईंनी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक पुढे केलं. मी ते मशीनवर ठेवलं आणि नाव झळकलं. एका काकांनी चष्मा वर केला. "काय ताई, जावईबापूंशी काही बिनसलं का?" टेबल हसलं. ताईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "नको, राहू दे." आणि त्या निघून गेल्या.

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तो टीव्ही बंद करा."

"त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मग तुम्ही नेलेली पुस्तकं टीव्हीवर लावू?"

"उद्धटपणा नको. सिस्टीम सगळी एकच आहे. टीव्ही काढला तर देवघेव बंद पडेल."

हे सगळ्यांनाच खरं वाटत होतं. मला नाही. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या डब्यातून प्रत्येक यंत्राला वेगळी वायर जाते. टीव्हीची काढली म्हणून काउंटरची थांबत नाही. मी बाहेर आले आणि सरांच्या देखत टीव्हीची वायर उपटली. मग रांगेतल्या पहिल्या माणसाचं पुस्तक मशीनवर ठेवलं. नोंद झाली.

"लावा ती परत."

"नाही लावणार, सर."

"कमिटीपुढे यावं लागेल."

"येईन."

ताईंचा नंबर कॉम्प्युटरमध्ये होता. फोन करावासा फार वाटला. केला नाही. त्यांनी तो नंबर मला दिला नव्हता, वाचनालयाला दिला होता.

कमिटीची बैठक अजून व्हायचीच होती, तेवढ्यात एका सकाळी त्या आल्या. काळ्या पडद्याकडे बघत थोडा वेळ दारातच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन स्वतःच ते पुस्तक घेऊन आल्या. मी नोंद केली आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"कोणतं नेलं हो?" टेबलावरून आवाज आला.

"पेपर वाचा, काका," मी म्हणाले.