दीडपट वेगानं

कोरमंगलाहून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी रोज सिनेमांवरच्या गप्पा ऐकते. दोन मित्र पॉडकास्ट चालवतात आणि अंगावर येणाऱ्या सिनेमांवर तास-तास बोलतात. एवढा वेळ कुणाला आहे? मी दीडपट वेगानं ऐकते. ते बोलता बोलता थांबले, तर ती शांतताही ॲप कापून टाकतं. बस उड्डाणपुलावर चढेपर्यंत एक सिनेमा निकालात निघालेला असतो.

माझा कारभार उलटा. आधी चर्चा ऐकायची, मग सिनेमा पाहायचा. कुठे दचकायचं ते ठाऊक असतं, म्हणून मी दचकत नाही. एका सिनेमात बाई रोज सहा जणांची ताटं वाढते आणि घरात तिच्याशिवाय कुणीच नसतं. त्यावर बोलताना त्या दोघांपैकी एकाचा आवाज कापत होता. मी पीजीच्या कॉटवर बसून, डब्यातला लेमन राइस खात तो सिनेमा पाहिला आणि डबा विसळून ठेवला. पूर्वी असलं काही पाहिलं की मी दिवा लावून झोपायची. ते कधी बंद पडलं, आठवत नाही.

नागपूरला बाबांना हे सिनेमे अजिबात झेपत नाहीत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर विनोदी सिनेमे पाहिलेला. पण फोनवर आमच्याकडे बोलायला काही उरलंच नव्हतं. जेवलीस का, जेवले. थंडी आहे का तिकडे, आहे थोडी. एकदा काहीतरी बोलायचं म्हणून मी पाहिलेल्या सिनेमाचं नाव सांगितलं, तर त्यांनी तो पाहिला. मग दर रविवारी त्यांचा व्हॉइस मेसेज यायला लागला. ‘काहून पाहते वं असले पिच्चर? त्या बाईनं वाढलेलं वरण थंड होऊन गेलं, मले जेवणच गेलं नाही.’

हे मेसेजही मी दीडपट वेगानंच ऐकायची, अर्धं लक्ष दुसरीकडे ठेवून. बाबा खणखणीत वाटायचे, वर्गात पाढे घेताना वाटायचे तसे. मी हसरं तोंड पाठवायची आणि कामाला लागायची.

या महिन्यात एका मंगळवारी आईचा फोन आला. बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. बोलताना त्यांना शब्द सापडत नाहीत म्हणाली. बोलणं नेमकं कधीपासून मंदावलं, हे डॉक्टरांना हवं होतं, त्यावरून आजार कुठला ते ठरवायला मदत होणार होती. आईला सांगता येईना. ती म्हणाली, “आम्ही रोज एका घरात, आम्हाला काय कळतं? तू लांबून ऐकतेस. तुलाच कळलं असेल.”

मला काहीच वाटलं नाही. बघून सांगते म्हणाले, फोन ठेवला आणि मीटिंगमध्ये जाऊन बसले.

शनिवारी सकाळी पीजीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून मी बाबांचे सगळे मेसेज लावले. पहिल्यांदाच साध्या वेगानं. सुरुवातीचे ठीक होते. गणपतीतलेही ठीक. दिवाळीनंतरचा एक लावला तेव्हा वाटलं फोनच बिघडला. ‘त्या बाईनं वाढलेलं...’ आणि पुढे काहीच नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग आईचा आवाज आला, हळू, काहीतरी चिरता चिरता दिलेला: ‘वरण.’ बाबा म्हणाले, ‘हो. वरण.’

हाच मेसेज मी ऐकला होता आणि हसरं तोंड पाठवलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक मेसेजात ती थांबायची जागा होती आणि प्रत्येक वेळी आई शब्द पुरवत होती, तिच्याही नकळत. मी शेवटपर्यंत ऐकले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पीजी चालवणारी अक्का कपडे काढायला वर आली, ‘स्वल्प सरक’, थोडं सरक म्हणाली, मी सरकले.

मग घरी फोन लावला आणि आईला सांगितलं, दिवाळीनंतर. आधी थोडं, मग दर आठवड्याला जास्त.

आईनं कुठल्याशा कागदावर लिहून घेतलं. मला कसं ऐकू आलं नाही हे ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. फोन तसाच धरून ती बाबांना म्हणाली, “पहा, पोरगी किती लक्ष देऊन ऐकते तुमचं.”

बाबा काहीतरी बोलायला लागले आणि थांबले. या वेळी आईनं शब्द पुरवला नाही. मी फोन कानाला लावून उभी राहिले. ते थांबणं कापायला काही सोय नव्हती.

“मले... माहीत आहे,” बाबा म्हणाले.