अडीच मिलिमीटरचं अक्षर

डॉक्टरांनी शैलाचा हात नंतर पाहिला. आधी मी सोबत नेलेल्या दोन वह्या त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. डावीकडची सहा वर्षांपूर्वीची, उजवीकडची चालू. दोन्ही बिनरेघी, कारण माझ्या बायकोला रेघांच्या वहीत लिहायला कधी आवडलं नाही. डाव्या पानावर चोवीस ओळी होत्या. उजव्या पानावर एकोणचाळीस.

मग त्यांनी तिला कोरा कागद दिला आणि कोणतंही एक वाक्य पाच वेळा लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, 'मंगळावर आज लाइट नाही.' पहिलं वाक्य निम्मा कागद ओलांडून गेलं. पाचवं वाक्य वाचायला डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला.

"बाई, हा पार्किन्सन्स आहे," ते म्हणाले. "याने उद्या काही होणार नाही. पण तो जाणारही नाही. त्याच्यासोबत राहायचं."

शैला म्हणाली, "म्हणजे भाडेकरू. आमच्या यांना सांगते, हद्द आखून देतील."

डॉक्टर हसले नाहीत. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं, त्यामुळे हा विनोद आहे हे त्यांना कळलं नाही. मला कळलं होतं. तरी मीही हसलो नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. शैला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि विनोदी विज्ञानकथा लिहिते. आम्ही वडवणीला राहतो. हे मी अशा घरांसाठी लिहितो आहे, जिथे कुणाचं तरी अक्षर बारीक होत चाललं असेल आणि घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नसेल. आम्हाला दोन वर्षं वाटलं नाही. मला वाटलं, ही कागद वाचवते आहे. मी तिचं कौतुकसुद्धा केलं.

बाकीच्या खुणाही होत्या. उजवा हात चालताना हलत नव्हता. आवाज खाली गेला होता. चेहरा कोरा राहायचा. नात्यातल्या बायका म्हणायच्या की पुस्तकं छापून आली आणि बाई फुगल्या. मला वाटायचं ती माझ्यावर रागावली आहे, म्हणून मी घरात जपून वागायचो. चेहऱ्याचे स्नायू आखडतात त्याला मास्क्ड फेस म्हणतात, म्हणजे मुखवट्यासारखा चेहरा. अक्षर बारीक होतं त्याला मायक्रोग्राफिया. ही दोन्ही नावं मला त्या दिवशी कळली.

हात थरथरत नसेल तर पार्किन्सन्स नाही, असं समजू नका. तिचा हात तेव्हा थरथरत नव्हता.

त्याच दिवशी एमआरआय झाला. त्यात पार्किन्सन्स दिसत नाही, दुसरं काही नाही ना एवढं पाहतात. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह पाहायला रक्त घेतलं. आम्ही बाकावर तीन तास दहा मिनिटं बसलो. शैलाने आजूबाजूच्या चौदा पेशंटांना मनातल्या मनात वेगवेगळ्या ग्रहांवर पाठवलं. कोण कुठे गेलं, ते मला हळूच सांगितलं.

तिच्या लिहिण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तिचं माहेर चकलांबा. पहिली नेमणूक उमापूरला. तिच्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. परतलेली सगळीच पुन्हा शाळेत येत नसत. तेव्हा शैलाने एक युक्ती केली. दिवाळीच्या सुट्टीआधी ती एक लांब गोष्ट सुरू करायची आणि ऐन अडचणीच्या जागी थांबवायची. राक्षसाने सातबाऱ्यावर नाव लावायला अर्ज केला आहे आणि तलाठी जागेवर नाही, अशा ठिकाणी. पुढचं आल्यावर, असं सांगायची. पोरं पुढचं ऐकायला परत यायची. पहिल्या वर्षी तोडीला गेलेल्या एकोणीसपैकी अकरा आली, दुसऱ्या वर्षी सोळा.

त्या गोष्टींतून तिची नऊ पुस्तकं झाली. सुरुवातीला सात संपादकांनी कथा परत पाठवल्या. एकाने लिहिलं की विज्ञान आणि विनोद एकत्र नांदत नाहीत. तिने ते पत्र जपून ठेवलं आणि पुढच्या कथेत त्या दोघांचं लग्न लावलं.

तिचा पहिला वाचक मी. सव्वीस वर्षं आमची एक पद्धत आहे. मी वही पेन्सिल घेऊन वाचतो आणि जिथे खरंच हसू येतं तिथे समासात एक टिंब देतो. दुसरं काही लिहायचं नाही. मला सहज हसू येत नाही, म्हणूनच तिने हे काम मला दिलं. पुस्तकाला पानामागे सरासरी दोन टिंबं पडली तर ती खूश असते.

दहावं पुस्तक आजाराआधी सुरू झालं होतं. चंद्राच्या हद्दीवरून दोन गावांत भांडण होतं आणि सरकार एका भूकरमापकाला मोजणीला वर पाठवतं. भूकरमापक कोण ते सांगायला नको. माझी टोपीसुद्धा तिने सोडली नाही.

गोळी सुरू झाली तिचं नाव लेव्होडोपा. मेंदूत डोपामाइन नावाचं द्रव्य कमी पडतं, ते या गोळीतून तयार होतं. आम्हाला ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली, कारण डाळ, दूध, अंडी तिच्या आड येतात. ती मनाने कधीही बंद करायची नाही. महिन्याभरात अक्षर दीड मिलिमीटरवरून दोनवर आलं. मी पट्टीने मोजायचो. मग डॉक्टरांनी दुसरी एक गोळी जोडली आणि अक्षर तीनवर गेलं. शैला तीन महिन्यांत अकरा प्रकरणं लिहून मोकळी झाली. फक्त शेवटचं राहिलं.

एका दुपारी मी घरी आलो तर चहाचे तीन कप मांडलेले. तिसरा कुणाचा, असं विचारलं. ती म्हणाली, पाण्याच्या टाकीवर बसतो त्याचा. बुटका आहे, डोक्यावर पत्र्याची बादली आहे, बोलत नाही, पण तहानलेला वाटतो.

"किती दिवस दिसतोय?"

"बावीस."

"मला सांगितलं नाहीस."

"अहो, मला वाटलं नवी गोष्ट येतेय. येते तेव्हा असंच होतं. फक्त या खेपेला चहाची तहान लागल्यासारखा बघत होता, म्हणून कप ठेवला."

दुसऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट पहिल्या दिवशी डॉक्टरांना कळली असती. आमच्याकडे बावीस दिवस लागले. नसलेली माणसं दिसणं याला हॅल्युसिनेशन म्हणतात. दुसऱ्या गोळीचा तो परिणाम होता. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "तुमच्या कल्पनेतलं आणि गोळीतलं वेगळं कसं ओळखायचं ते ठरवा. जो तुमचं ऐकत नाही तो गोळीतला." दुसरी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. बादलीवाला गेला. त्याच्याबरोबर अक्षरही गेलं. दिवाळीला पुन्हा दीड मिलिमीटर, आणि दोन ओळी लिहिल्या की हात जागीच थांबायचा.

मला भीती वाटू लागली ती तेव्हा. एकच प्रकरण उरलं होतं. हात आणखी किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगू शकत नव्हते. मी तिला म्हणालो, तू सांग, मी लिहून घेतो, चार दिवसांत होईल. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. सहा वेळा म्हणालो असेन.

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी रुक्मिण आली. ही उमापूरच्या शाळेतली शैलाची विद्यार्थिनी, लग्न होऊन आमच्या जवळच्या गावात आलेली. आता चाळिशीला आली, तरी दर वर्षी नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाते. जाण्याआधी येऊन अर्धी गोष्ट ऐकते आणि परतल्यावर उरलेली. शैलाने तिला अकरा प्रकरणांतली गंमत सांगितली. आवाज इतका खाली गेला होता की रुक्मिण तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली. रॉकेट चंद्रावर अडकलं, कारण किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला पृथ्वीवर गेलेला, तिथे शैला थांबली.

रुक्मिणने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, औंदा शेवट सांगूनच टाका. तुमची तब्येत अशी हाय."

मला बरं वाटलं. जे मी सहा वेळा म्हणालो ते हिने एकदाच नीट म्हटलं.

शैला म्हणाली, "आल्यावर."

"लई लांब हाय पाडवा."

"तुला यायला कारण नको का? आणि मला?"

रुक्मिण पदराने नाक पुसत उठली. दारात मला म्हणाली, "साहेब, तुमी तेवढे चंद्रावरून उतरून ऱ्हावा. बाईला खाली मदत लागती." मी त्यानंतर लिहून घेण्याचा विषय काढला नाही.

मला मोजता येतं, तेवढं मी केलं. पंधरा दिवस वहीत नोंद ठेवली. सकाळी आठची गोळी घेतली की आठ पन्नासला हात मोकळा व्हायचा आणि दहा चाळीसपर्यंत राहायचा. एक तास पन्नास मिनिटं. तो वेळ लिहिण्याचा ठरला. त्या वेळात पाहुणा नाही, फोन नाही, स्वयंपाक माझ्याकडे. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की डोळ्यांना रेघ दिसली की हातपाय तिच्यापर्यंत पोचायला पाहतात. मी तिच्या बिनरेघी वहीत बारा बारा मिलिमीटरवर पेन्सिलीच्या रेघा ओढल्या. सव्वीस वर्षं तिने रेघा नाकारल्या होत्या. वही हातात घेऊन ती म्हणाली, "शेवटी माझीही मोजणी केलीत." चालताना तिचे पाय दारात खिळून राहायचे, म्हणून फरशीवर पंचेचाळीस सेंटिमीटरवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. आता ती उंबऱ्याशी अडत नाही. अडली तरी हद्दीचा वाद आहे म्हणते.

रोज सरासरी पाच ओळी व्हायच्या. काही दिवस एकही नाही.

त्या हिवाळ्यात माझ्याकडून एक चूक झाली. जुनी प्रकरणं वाचताना मला हसू येईना. वाक्यं चांगली होती, मीच हसायचा थांबलो होतो. तिला वाईट वाटू नये म्हणून एका पानावर मी तीन टिंबं ठोकून दिली. संध्याकाळी पाहतो तर तिने ती खोडरबराने पुसली होती. अशा बोटांनी खोडायला तिला किती वेळ लागला असेल.

"ही तिन्ही खोटी आहेत," ती म्हणाली. "आजारी मी आहे. तुम्ही कशाला पडलात? तुम्ही हसला नाहीत की मला कळतच नाही मी अजून आहे का."

तिचा चेहरा कोराच होता. सव्वीस वर्षं टिंबं देत होतो, पण तिला ती कशासाठी हवी होती हे मला त्या संध्याकाळी कळलं. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. त्याचा चेहरा हसत नाही म्हणून तुम्ही हसायचं थांबू नका. तो आतून हसत असतो.

पाडव्यानंतर नवव्या दिवशी रुक्मिण आली. तोडीहून परतलेल्या बायकांचे हात असतात तसे तिचे हात, पानांनी कापलेले. शेवटचं प्रकरण चार दिवसांपूर्वी पुरं झालं होतं, पण शैलाने ते मलाही दाखवलं नव्हतं. सकाळी नऊ वाजता, हात आणि आवाज दोन्ही मोकळे असण्याच्या वेळी, तिने स्वतः वाचून दाखवलं. एकोणतीस पानं. एक्केचाळीस मिनिटं लागली. रुक्मिण तिच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या.

शेवटी भूकरमापक चंद्राची मोजणी अर्धवट टाकून घरी येतो, कारण चंद्राचं क्षेत्र रोज वेगळं भरतं. त्याला जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात. दार उघडलं जातं. बायको म्हातारी झालेली. ती त्याला आपादमस्तक पाहते आणि म्हणते, 'चपला बाहेर काढा. सगळा चंद्र घरात आणताय.'

रुक्मिण इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं बया," ती म्हणाली, "माझी सासू हीच की." मीही हसलो. मग मला चष्मा काढून पुसावा लागला. वही हातात घेतली, पेन्सिलीने त्या ओळीपुढे एक टिंब दिलं, आणि सवयीने पट्टी लावली. अक्षर अडीच मिलिमीटर भरलं.

आजार गेलेला नाही. जाणार नाही. गोळ्या आता दिवसातून चार वेळा आहेत आणि मोकळा वेळ एक तास वीस मिनिटांवर आला आहे. डॉक्टरांचे, मॅडमचे उपकार आहेत, रुक्मिणचेही. बादलीवाला परत आला नाही. शैला म्हणते त्याला अकराव्या पुस्तकात बोलावलं आहे, या खेपेला रीतसर, आणि तिथे तो तिचं ऐकतो.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं, सोबत पेन्सिल दिली. माझं लिहिणं तिने पहिल्यांदाच वाचलं. तिला दोन दिवस लागले. तिने एकूण चार टिंबं दिली आहेत. त्यातल्या दोन जागा मला गंभीर वाटल्या होत्या.

टिंबं केवढी आहेत, ते मी मोजलेलं नाही.