‘गावाची’ आणि ‘गावाजवळची’

“ठरावात ‘गावाची’ हा शब्द कोणी घातला?” मॅनेजरनं कागद टेबलावर आपटला.

“मी,” मी ऐटीत म्हणालो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

रेल्वेत आयुष्यभर ट्रॅक सांभाळून मी रिटायर झालो आणि नंदुरबारजवळच्या एका खासगी गोदाम कंपनीचा सल्लागार झालो. कंपनीची स्वतःची सायडिंग होती. सायडिंग म्हणजे मुख्य लाइनपासून फुटून गोदामाच्या आवारात जाणारा रूळ. तो आखूड पडायचा. मालगाडी दोन तुकडे करून आत घ्यावी लागे. तो लांबवायचा खर्च सरकारी फंडातून मिळावा, असा कंपनीचा अर्ज होता. त्याला ‘लोकोपयोगी काम’ म्हणून ग्रामसभेचा ठराव हवा होता. तो आणायचं काम माझ्याकडे आलं.

माझी सासुरवाडी शहाद्याची. त्यामुळे मला अहिराणी येते, असा माझा समज आहे. बायकोचा नाही. सभेत मी ड्रॉइंग उघडून शुद्ध मराठीत समजावलं, तर लोक जांभया द्यायला लागले. मग मला चेव आला. म्हणालो, “मंडळी, हाई सायडिंग तुमनीच शे!”

केळीच्या बागायतदार हिराबाई उठल्या. “आमनी शे? मंग आमना केळीना डबा कव्हय लागी?”

“काम व्हयनं की लगेच!”

“मंग लिखी दे भाऊ. तोंडना भरोसा नही.”

सभा खदखदून हसली. मीही हसलो आणि ग्रामसेवकाला लिहायला सांगितलं: सायडिंग गावाची राहील, गावाचा मालही तिथून जाईल. ठराव एकमतानं पास.

“आता केळीवाले ट्रॅक्टर घेऊन गोदामाच्या फाटकावर उभे राहतील,” मॅनेजर ओरडला.

“राहू देत की. फंड त्यांच्याच नावानं मागतोय ना आपण?”

“साहेब, फंड पब्लिकचा. सायडिंग आपली. एवढं साधं कळत नाही?”

खरंच कळलं नव्हतं. अर्जातलं ‘शेतकऱ्यांच्या हितासाठी’ हे वाक्य मीच टाइप केलं होतं, आणि गाढवासारखा त्यावर विश्वासही ठेवला होता.

“‘गावाची’चं ‘गावाजवळची’ करून आणा,” तो म्हणाला. “तीन अक्षरं तर वाढवायचीत.”

माझं डोकं फिरलं. ज्या बाईच्या नावावर पैसा उचलायचा, तिलाच फाटकाबाहेर ठेवायचं? आणि ते मीच तिला जाऊन सांगायचं? मी ती तीन अक्षरं वाढवली नाहीत. माझं सल्लागारपद त्याच दुपारी संपलं.

कंपनीनं अर्ज मागे घेतला. पुढच्या पावसाळ्याआधी रूळ लांबलाही, कंपनीच्याच पैशातून. म्हणजे पैसा होता! हिराबाईंची केळी अजून ट्रकनंच जातात.

सरकारनं खासगी रुळांना मदत करूच नये, असं मी म्हणत नाही. करावी. पण फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार, हे आधी लिहून घ्यावं. एवढी अक्कल मला रेल्वेच्या नोकरीत आली नाही. हिराबाईंना ती उपजतच होती.