कवळीवाला क्लॅरिनेट

वायरमनकाकांचे वरचे दात गेले, तेव्हा काकूंना खरं तर हायसं वाटलं होतं. मधुमेहाने हिरड्या पार पोखरल्या होत्या. दुखण्याने माणूस रात्ररात्र बसून काढायचा. दात काढले, कवळी बसली, सुटलो एकदाचे, असं त्यांनी धाकट्या जावेला फोनवर सांगितलंसुद्धा. क्लॅरिनेटचा विचार त्यांच्या मनातही आला नाही.

काका वीज कंपनीत खांबावर चढायचे आणि रविवारी गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्न झालं तेव्हापासून काकू त्या वाद्याला ‘काळी सवत’ म्हणत आल्या होत्या. रोज संध्याकाळी तिची पीं-पीं सुरू झाली की त्या मुद्दाम भांडी आदळायच्या. बँडच्या बागेतल्या कार्यक्रमालाही त्या कधी गेल्या नव्हत्या. “घरात फुकट ऐकते तेवढं पुरे,” म्हणायच्या.

पण क्लॅरिनेट वाजवताना त्याचं तोंड वरच्या दातांवर टेकवावं लागतं. कवळी घालून काका पहिल्यांदा सरावाला गेले, जोरात फुंकर मारली आणि कवळी सटकून थेट मांडीवर! सगळे हसले. काकाही हसले. घरी आल्यावर मात्र क्लॅरिनेटची पेटी कपाटावर चढवून त्यांनी वर चादर टाकली.

दोन दिवसांनी बँडमास्तर आले. “काका, तुम्ही आमचे ज्येष्ठ. नुसते येऊन बसा, पोरांवर लक्ष ठेवा.”

“शोभेला बसायला मी काय फुलदाणी आहे?” काका म्हणाले आणि उठून आत गेले.

आता संध्याकाळी घर चिडीचूप असायचं. काकूंना ती शांतता खायला उठायची. भांडी आदळायची तरी कशावर!

आणि एका दुपारी न्हाणीघरातून बदकाचा गळा दाबल्यासारखा आवाज आला. काकूंनी दार ढकललं. काका बादली उलटी घालून वर बसले होते. वरचा ओठ आत दुमडून, दातांऐवजी ओठावरच त्यांनी वाद्य टेकवलं होतं. ओठातून रक्त येत होतं.

“अहो, वेड लागलंय का? रक्त येतंय!”

“येऊ दे. सूरही येतोय. ऐकलास?”

सूर कसला, नुसती किंकाळी होती ती. स्वयंपाकघरातून लोण्याची वाटी आणून काकूंनी काकांच्या ओठाला बोट लावलं. “जरा थांबून थांबून वाजवा,” एवढंच म्हणाल्या.

पुढे काकूच हात धरून काकांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या, पेटीसकट. बाईंनी कवळी तपासली आणि म्हणाल्या, “वाजवून दाखवा, कुठे हलते ते कळेल.” काकांनी खुर्चीत आडवं पडूनच सूर लावला. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट दारात गोळा झाले. बाईंनी तीनदा घासूनपुसून कवळी अशी बसवली, की ती जागची हलेना. ओठ दुमडून वाजवायची सवय व्हायला मात्र कित्येक महिने गेले. दमही पूर्वीसारखा राहिला नव्हता; लांब ओळ आली की काकांचा सूर मध्येच तुटायचा, ते पुन्हा पहिल्यापासून धरायचे.

बँडमास्तरांनी त्यांना परत घेतलं, पण दुसऱ्या रांगेत. एकट्याने वाजवायचा तुकडा आता दुसऱ्याकडे होता. काका म्हणाले, “रांग कुठलीही असो, वाजवणार.”

त्या रविवारी काकू इस्त्रीची साडी नेसून बागेत पहिल्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतक्या वाद्यांत आपल्या माणसाचं कसं ओळखू येणार, ही धाकधूक होती. पण पहिल्याच ओळीत, सगळ्यांच्या खालून चालणारा तो जाडसर, किंचित खरखरीत आवाज त्यांनी बरोबर हेरला. आयुष्यभर भांडी आदळता आदळता कान तयार झाला होता की!

शेजारच्या बाईंनी विचारलं, “तुमचं कोण आहे यात?”

“दुसऱ्या रांगेत, टक्कलवाले,” काकू ताठ बसून म्हणाल्या. “वरचे सगळे दात गेल्यावर नव्याने शिकलेत.” बाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानेच सांगितलं.

कार्यक्रम संपला तेव्हा काकांचा ओठ सुजला होता, शब्द फुटत नव्हता. भेटायला येणाऱ्यांशी काकूच बोलत होत्या. कोणीतरी म्हणालं, “आता या वयात आराम करायचा.”

“छे हो!” काकू म्हणाल्या. “मंगळवारी सराव आहे त्यांचा.”